पाच सूत की सात सूत? पहिला वस्तरा निवडताना

"माझी दाढी राठ आहे. मग वस्तरा मोठा आणि जड घ्यायला हवा ना?"

वस्तऱ्याने घरी दाढी करायचे मनावर घेतलेला माणूस बहुधा हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतो. राठ केसांना जाड पाते हे गणित वरवर पटण्यासारखे आहे, पण ते चुकीचे आहे. कितीही राठ केस नीट पाजळलेल्या धारेपुढे टिकत नाही, आणि बोथट धार कोवळ्या दाढीलाही ओरबाडते. म्हणून नवशिक्याने वस्तरा निवडताना दाढीचा विचार मागे ठेवावा आणि वेगळाच प्रश्न आधी विचारावा: या पात्याची धार मला राखता येईल का? पात्याची रुंदी आणि त्याच्या कुशींची घडण या दोन्ही गोष्टींचा निर्णय या एका प्रश्नावरून लागतो. कसा, ते आता क्रमाने पाहू.

१. आधी ओळख: कोणता वस्तरा?

आपल्याकडच्या सलूनमध्ये आज जो वस्तरा दिसतो, त्यात नेहमीच्या दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवलेला असतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड मिळते. रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका टाळायला हीच पद्धत योग्य आहे. या वस्तऱ्याला पाजळणे नाही, धार राखायचा चामडी पट्टा नाही, आणि रुंदी-घडणीचा प्रश्नही नाही.

या प्रकरणातला वस्तरा अखंड पोलादी पात्याचा आहे. तो मुठीत मिटतो, त्याची धार पुन्हा पुन्हा लावता येते आणि नीट सांभाळला तर तो नातवापर्यंत टिकतो. त्याची अंगे लक्षात ठेवू. पात्याची वरची जाड कड म्हणजे पाठ आणि खालची पातळ कड म्हणजे धार. पाठ आणि धार यांच्यामधल्या दोन बाजू म्हणजे कुशी. पुढचा शेवट ते टोक. मागे बोटे धरतात ती दांडी, आणि तिच्या शेवटी करंगळी टेकायला वळलेली शेपटी. पाते जीत मिटते ती मूठ फक्त पात्याचे घर असते. दाढी करताना वस्तरा धरायचा तो दांडीला.

२. रुंदी: सुतांचा हिशोब

पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर म्हणजे वस्तऱ्याची रुंदी. जगभर ती इंचाच्या आठव्या भागांत मोजतात आणि ४/८, ५/८, ६/८ अशी लिहितात. आपल्या सुतार-लोहारांना हे माप नवे नाही, कारण इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तीन सुती सळई म्हणतो तसाच हा पाच सुती वस्तरा. एक सूत ३.१७५ मिलिमीटर. म्हणून चार सुती पाते साधारण १२.७ मिलिमीटर, पाच सुती १६, सहा सुती म्हणजे पाऊण इंची १९, सात सुती २२ आणि आठ सुती पुरते एक इंच, २५.४ मिलिमीटर.

रुंदीने तीन गोष्टी बदलतात.

पहिली, वजन. घडण सारखी असेल तर रुंद पाते जड असते. जड पाते हलक्या हाताने नुसते टेकवले तरी पुढे सरकते. हलके पाते माणसाला नकळत दाबायला लावते, आणि वस्तऱ्याने कापून घेण्याचे पहिले कारण दाबणे हेच आहे. चार सुती वस्तऱ्याची मोठी अडचण ही.

दुसरी, फेस. कापलेले केस आणि साबणाचा फेस पात्याच्या कुशीवर साठतो. रुंद पात्यावर तो जास्त मावतो, म्हणून पाते वारंवार पुसावे लागत नाही. याला मी फार महत्त्व देत नाही. पाते पुसायला असा कितीसा वेळ लागतो?

तिसरी, जागा. नाकाखाली, ओठाच्या वर आणि हनुवटीच्या खळीत रुंद पाते अडते. तिथे पाठ नाकाला टेकते आणि हवा तो कोन धरता येत नाही.

या कोनाकडे थोडे बारकाईने पाहू. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांत धरायचे असते. फार आडवे झाले तर ते केस ओढते, फार उभे झाले तर त्वचा खरवडते. ३० अंशांत धरलेल्या पात्याची पाठ त्वचेपासून रुंदीच्या निम्म्या उंचीवर येते. म्हणजे पाच सुती पात्याची ८ मिलिमीटरवर आणि सात सुती पात्याची ११ मिलिमीटरवर. आरशात अंश दिसत नाहीत, ही उंची दिसते, आणि नवशिक्याचा हात तिच्यावरच बसतो. पाच सुतीवर बसलेल्या हाताने सात सुती पाते ८ मिलिमीटरवर धरले तर कोन जेमतेम २१ अंश उरतो आणि पाते केस ओढू लागते. म्हणून निदान वर्षभर एकाच रुंदीवर राहावे. सुरुवातीलाच तीन मापांचे तीन वस्तरे घेणाऱ्याचा हात एकाही मापावर बसत नाही.

३. पाठ: धारेचा कोन ठरवणारी

स्वयंपाकघरातली सुरी दगडावर घासताना कोन हाताने धरावा लागतो. वस्तऱ्याचे तसे नाही. पाते दगडावर सपाट ठेवायचे, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. कोन आपोआप ठरतो आणि दर वेळी तोच राहतो. ही फार शहाणी रचना आहे. शेकडो वर्षे माणसे घरच्या घरी वस्तरा पाजळू शकली ती तिच्यामुळेच.

हा कोन नेमका किती, हे समजायला कौलारू घराचे छप्पर डोळ्यांपुढे आणा. आढ्यापासून दोन्ही बाजूंना वासे उतरतात. वासे तेवढेच ठेवून घर रुंद केले तर आढ्याशी होणारा कोन पसरतो, आणि घर अरुंद केले तर तो टोकदार होतो. वस्तरा म्हणजे हेच छप्पर उलटे धरलेले. धार हे आढे, पात्याची रुंदी ही वाशांची लांबी, पाठीची जाडी ही घराची रुंदी.

आता आकडे घालू. पाच सुती म्हणजे १६ मिलिमीटर रुंद पाते आणि ४.५ मिलिमीटर जाड पाठ घेतली, तर धारेचा कोन सुमारे १६ अंश येतो. हा कोन उत्तम. रुंदी तीच ठेवून पाठ ३.५ मिलिमीटर केली तर कोन साडेबारा अंशांवर उतरतो. अशी धार सुरुवातीला भलतीच तीक्ष्ण वाटते, पण लवकर मोडते आणि तिच्यात बारीक खाचा पडतात. उलट पाठ ६ मिलिमीटर केली तर कोन साडेएकवीस अंशांच्या वर जातो, आणि मग धार कितीही पाजळली तरी ती गालावर खरखरते. सोपा नियम असा: रुंदीला पाठीच्या जाडीने भागावे. उत्तर साडेतीनच्या आसपास आले तर पात्याची प्रमाणे बरोबर आहेत. सहा सुती पात्याला याच हिशोबाने साधारण ५.३ किंवा ५.४ मिलिमीटरची पाठ हवी.

साधा व्हर्नियर कॅलिपर घेऊन दुकानात जाणाऱ्याला दुकानदार हसला तर हसू द्यावे. पात्यावरच्या सोनेरी नक्षीपेक्षा हा एक भागाकार जास्त खरे सांगतो.

४. ग्राइंड: कूस किती कोरली?

ग्राइंड म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत कूस कशी घडवली आहे ते. पाते टोकाकडून, डोळ्यासमोर आडवे धरून पाहिले की ग्राइंड दिसतो. कुशी सरळ उतरत असतील तर आकार पाचरीचा दिसतो. याला वेज म्हणतात. कुशी आत कोरलेल्या असतील तर तो हॉलो. किती कोरल्या त्यावरून पाव हॉलो, अर्धा हॉलो, पूर्ण हॉलो आणि त्याही पलीकडचा एक्स्ट्रा हॉलो अशा पायऱ्या होतात. जर्मन बनावटीच्या वस्तऱ्यांच्या वर्णनात त्या १/४, १/२, १/१ अशा लिहितात. रुंदीचे ५/८ आणि ग्राइंडचे १/२ एकाच ओळीत आले की नवा ग्राहक गोंधळतो. आठ खाली असेल तर ती रुंदी, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

कूस कोरली जाते ती फिरत्या चाकावर. चाक जितके लहान, तितका खड्डा खोल. हिशोबासाठी १६ मिलिमीटर रुंद आणि ४.५ मिलिमीटर पाठीचे पाते घेऊ. कुशी सपाट असतील तर मध्यावर पात्याची जाडी २.२५ मिलिमीटर भरते. दोन्ही बाजू ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर घासल्या तर प्रत्येक बाजूने जेमतेम ०.२ मिलिमीटर पोलाद निघते आणि मध्यावर १.८ मिलिमीटर जाडी उरते. हेच ८ सेंटिमीटरच्या चाकावर केले तर प्रत्येक बाजूने ०.८ मिलिमीटर निघते आणि उरते फक्त ०.६५ मिलिमीटर. पाठ आणि धारेचा कोन यांना धक्काही लागलेला नाही, तरी पाते पार वेगळे झाले. ही किमया चाकाच्या आकाराची.

इंग्लंडमधले शेफील्ड आणि जर्मनीतले झोलिंगन ही वस्तऱ्यांची दोन मोठी गावे. फ्रान्समधले तिएर आणि स्वीडनमधले एस्किलस्टुना यांचेही नाव या धंद्यात आदराने घेतात. शेफील्डचे जुने वस्तरे बहुतेक पाचरीसारखे, भरीव. वेड अँड बुचर या तिथल्या कारखान्याची रुंद, वजनदार पाती आजही संग्राहक शोधत असतात. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात खोल कोरलेल्या पात्यांचा जमाना आला आणि त्यात झोलिंगनच्या कारागिरांनी आपले नाव कायमचे कोरले. या नावाची किंमत एवढी की १९३८ मध्ये त्याच्या रक्षणासाठी जर्मनीत वेगळा कायदाच झाला. महत्त्वाची कामे त्या परिसरात झाल्याशिवाय सुऱ्या-कात्र्या-वस्तऱ्यांसारख्या मालावर झोलिंगन हा शब्द घालता येत नाही.

कारागीर पाते कोरत कोरत इतके पातळ का करत गेले, यामागचे कारण समजले की नवशिक्याची निवड निम्मी झाली.

५. कोरलेले पाते का हवे?

पाते पाजळताना दगड घासतो ती धारेलगतची अरुंद पट्टी. पूर्ण हॉलो पात्यात धारेमागचे पोलाद आधीच पातळ असल्यामुळे ही पट्टी एखाद्या रेघेएवढी असते. दगडाला थोडेच पोलाद काढावे लागते आणि धार लवकर येते. वेजमध्ये कुशी सपाट असल्याने जवळजवळ सगळी कूसच दगडाला भिडते. तेवढे पोलाद घासणे म्हणजे तासाचे काम, आणि त्यात कूस कुठे किंचित उंचसखल असली तर धारेचा तेवढा भाग दगडाला लागतच नाही. जाणकारही वेज पाजळताना पाठीवर चिकटपट्टीचा थर लावतात, कोन किंचित वाढवतात आणि मग काम सोपे करून घेतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

दुसरे कारण आवाजाचे आहे. कोरलेले पाते गालावरून जाताना खरर्र असा बारीक नाद करते. धार नीट चालत असेल तर तो सलग येतो. कोन बिघडला की नाद बदलतो आणि धार बोथटली की तो फाटतो. एक्स्ट्रा हॉलो पाते तर इतके बोलते की त्याला गाणारा वस्तरा म्हणतात. शिकाऊ माणसाला आरशापेक्षा हा आवाज जास्त शिकवतो. वेज मुका असतो. त्याची दाढी शांत आणि मऊ होते, पण चूक झाली तर ती कापल्यावरच कळते.

मग एक्स्ट्रा हॉलोच का घेऊ नये? कारण ते पाते फार लवचिक असते. हात दाबणारा असेल तर धार त्वचेवर वाकते, आणि हनुवटीच्या हाडावर ती थरथरते. पट्ट्यावर पाते जोरात आपटले, नळाला घासले, तरी खाच पडते. ज्याचा हात हलका झाला आहे त्याला हे पाते सुख देते. पहिल्या वर्षी मात्र ते नकोच.

पाव हॉलो वेजच्या जवळचा, म्हणून तोही बाजूला ठेवू. मधल्या दोन पायऱ्या उरल्या, अर्धा आणि पूर्ण हॉलो. माझे मत स्पष्ट आहे: पहिला वस्तरा पाच सुती, पूर्ण हॉलो घ्यावा. झोलिंगनच्या डोवो या १९०६ पासूनच्या कारखान्याचे साधे वस्तरे याच मापाचे असतात. तळहात मोठा असेल किंवा हाताला थोडे वजन बरे वाटत असेल, तर सहा सुती घ्यावा. त्यात अर्धा हॉलो मिळाला तर तोही चालेल. याच्या पलीकडे जाऊ नये. सात सुती अर्धा हॉलो हे सुंदर हत्यार आहे, पण त्याचा पट्टा आणि दगड दोन्ही सवयीचा हात मागतात.

६. टोक आणि धारेची रेघ

टोकाचे प्रकार पुष्कळ असले तरी नवशिक्याला एकच प्रश्न पुरतो: टोकाचा कोपरा गोल आहे की चौकोनी? चौकोनी कोपरा मिशीची किंवा कल्ल्याची रेघ अचूक काढतो, आणि तेवढ्याच अचूकपणे कानाची पाळीही कापतो. गोल टोक घ्यावे. चौकोनी टोकाचा चांगला वस्तरा आधीच हाती आला असेल तर पाजळणाऱ्याकडून त्याचा कोपरा किंचित बोथट करून घेता येतो.

धारेची रेघही पाहावी. ती सरळ असावी किंवा अगदी मंद, बाहेर फुगलेली. बाहेर जास्त फुगलेली धार दगडावर झोके देत फिरवावी लागते, हे पुढचे कौशल्य आहे. धार आत वळलेली असेल, म्हणजे मध्यभाग दगडाने खाऊन टाकला असेल, तर तो वस्तरा परत ठेवावा. अशा पात्याचा मध्यभाग सपाट दगडावर टेकतच नाही.

७. पट्टा, दगड आणि आपली हवा

विकत घेतलेला नवा वस्तरा दाढीला तयार असेलच असे धरून चालू नये. कारखान्याची धार पुष्कळदा अपुरी असते. विक्रेत्याला स्पष्ट विचारावे, की हाताने पाजळून देणार का. देणार नसेल तर तो खर्च किमतीत धरावा. पूर्ण काम १००० क्रमांकाच्या दगडापासून सुरू होते आणि ४००० किंवा ५०००, ८००० असे चढत १२००० पर्यंत जाते. पहिल्या दिवशी हे सगळे घरी उभारायची गरज नाही. बारीक दगड एकच असला तरी मधूनमधून धार ताजी करता येते. रोज लागतो तो पट्टा.

दर दाढीआधी पाते कापडी पट्ट्यावर आणि मग चामड्यावर फिरवतात. पाठ पुढे, धार मागे, आणि वळताना पाते उलटायचे ते पाठीवरून. धारेवरून उलटले तर पट्टा कापला जातो. पाठ पट्ट्यावरून उचलली गेली की धार गोल होते. नव्या माणसाच्या वस्तऱ्याची धार दाढीपेक्षा पट्ट्यावर जास्त बिघडते, हे आवर्जून सांगतो. पाच आणि सहा सुती पाती हातात हलकी उलटतात, म्हणून इथेही तीच बरी. पहिला पट्टा साधा, स्वस्त घ्यावा, कारण त्याला काप पडणारच. पट्टा तीन इंच रुंद असेल तर पाते त्यावर पुरते मावते. त्याहून अरुंद असेल तर पाते तिरके ओढावे लागते.

जुन्या घडणीच्या वस्तऱ्यांचे पोलाद बहुधा कार्बनचे असते. ते छान पाजळते आणि लवकर गंजते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात रात्रीतून ठिपके उमटू शकतात. दाढी झाली की पाते धुवावे, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे, थोडा वेळ उघडे ठेवावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पसरून मिटावे. खोबरेल तेल नको, ते काही दिवसांनी चिकट होते. वस्तरा न्हाणीघरात तर ठेवूच नये. एवढे सांभाळणे शक्य नसेल तर स्टेनलेस पाते घ्यावे. ते पाजळायला थोडा जास्त वेळ मागते, पण दमट हवेत निर्धास्त ठेवते.

८. जुना वस्तरा उचलताना

मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे हिंडताना जुन्या वस्तऱ्यावर नजर गेली, तर हात घालण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात.

पाते उजेडासमोर धरून धारेजवळ चीर आहे का ते पाहावे. केसाएवढी चीर असली तरी तो वस्तरा संपला. नंतर गंज पाहावा. पाठीवरचा किंवा कुशीवरचा काळा डाग चालतो, पण धारेलगतचे खड्डे चालत नाहीत, कारण पाजळताना धार त्याच खड्ड्यांपर्यंत पोहोचते आणि तिथे तुटते. तिसरी तपासणी पाठीची. पाठीच्या दोन्ही बाजूंना दगडाने घासलेली सपाट पट्टी असते. ती अरुंद आणि दोन्हीकडे सारखी हवी. एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद असेल तर पाते वर्षानुवर्षे तिरपे घासले गेले आहे. इथेच तो भागाकारही करून टाकावा. चौथे, पाते मिटून पाहावे. ते मुठीच्या मध्यावर यावे. धार मुठीला टेकत असेल तर दर वेळी मिटताना ती मोडेल.

पाचवी गोष्ट मुठीची. जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड वयाने कुजते तेव्हा आम्ल वायू सोडते, आणि तो वायू मिटलेल्या पात्याला आतून खातो. बाकी पाते स्वच्छ आणि मुठीत राहणारा भागच गंजलेला दिसला, तर कारण बहुधा हेच. पाते चांगले असेल तर मूठ बदलून घ्यावी, आणि तोवर तो वस्तरा दुसऱ्या वस्तऱ्यांसोबत एका डब्यात ठेवू नये. एका कुजक्या मुठीचा वायू शेजारच्या पात्यांपर्यंतही पोहोचतो.